आधी गाऱ्हाणं: मंडळीतल्या हीलिंग ग्रुपचे आठ आठवडे

नवऱ्याने आत्महत्या केलेली बाई, अपघातात मुलगा गेलेला बाप, लहानपणी घरातल्याच माणसाने हात लावलेली मुलगी. अहिल्यानगर-जालन्याकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, यांच्यापैकी सहसा कुणी आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे जात नाही. जातात ते पाळकसाहेबांकडे, म्हणजे पास्टरकडे, नाहीतर त्यांच्या बायकोकडे, पाळकीणबाईंकडे. तिथे पुढे काय होणार हेही ठरलेलं असतं. पाच-सात मिनिटं ऐकून घेतलं जातं, मग ‘आपण प्रार्थना करू या’. डोळे मिटतात, डोक्यावर हात येतो, आमेन होतं आणि बोलणं तिथेच थांबतं. प्रार्थना मनापासूनची असते यात शंका नाही, पण त्या घडीला तिने तोंड बंद होतं. अशा दुखावलेल्या माणसांसाठी मंडळीत आम्ही जे गट (हीलिंग ग्रुप) चालवतो त्यांची सगळी मांडणी ही घाई आवरण्यासाठी आहे. देवाचं वचन, सांत्वन, क्षमा हे सगळं त्यात येतं, पण उशिरा येतं. कशानंतर काय यावं यावरच निम्मं काम अवलंबून असतं.

पद्धत आमच्या डोक्यातून निघालेली नाही. आफ्रिकेत यादवी युद्धांनी होरपळलेल्या मंडळ्यांसाठी, बायबल भाषांतराच्या कामातली माणसं आणि तिथल्या मंडळ्यांचे पुढारी यांनी मिळून २००१च्या सुमारास ती उभी केली आणि नंतर ती जगभर पसरली. आम्ही आपल्याकडच्या माणसांना जमेल अशी ती थोडी वळवून घेतली आहे.

गट सुरू होण्याआधी प्रत्येकाला वेगळं भेटायचं, अर्धा तास. काय घडलं ते या भेटीत खोदून विचारायचं नाही. झोप किती लागते, जेवण जातं का, दारू किती, गोळ्या कोणत्या सुरू आहेत, घरात जिवाला धोका आहे का, आणि मरून जावं असं मनात येतं का, एवढंच. शेवटचा प्रश्न आडवळणाने नको, सरळ विचारायचा. विचारल्यामुळे तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत खोटी आहे. कधी आणि कशाने हेही कुणी ठरवून ठेवलं असेल तर त्याला गटात घेत नाही. शेतकऱ्याच्या घरात फवारणीच्या विषाचा डबा हाताशी असतो. घरातल्या एका माणसाला विश्वासात घेऊन तो डबा त्याच दिवशी हलवायचा, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आपल्यासमोर लावायचा आणि जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात स्वतः सोबत जायचं. ‘जाऊन या’ एवढं सांगून भागत नाही. केसपेपरच्या रांगेतून माणूस परत फिरतो.

कानात आवाज येणारे, सकाळी हात थरथरेपर्यंत पिणारे, यांनाही आधी दवाखाना. जिला घरी अजून मार बसतो तिचं वेगळंच असतं. तिला गटात बसवून मनःशांतीचे धडे देणं म्हणजे मार सोसायला बळ पुरवणं. तिच्यासाठी आधी १८१ ही महिला हेल्पलाइन, घरगुती हिंसाचार कायद्याखालचे संरक्षण अधिकारी, माहेर किंवा दुसरा निवारा, गट नंतर. घटना ताजी असेल, महिनाही उलटला नसेल, तर तिथेही गट नको. अशा वेळी सगळं एका बैठकीत बोलून मोकळं करून घ्यायची पद्धत पूर्वी होती. जागतिक आरोग्य संघटना आता ती सुचवत नाही. बायबलमधला एलीया संदेष्टा रतामाच्या झाडाखाली मरण मागत पडला होता तेव्हा देवदूताने त्याला भाकरी आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला दिलं. ‘तू इथे काय करतोस’ हा प्रश्न कितीतरी दिवसांनी, होरेब डोंगरावर आला. ताज्या दुःखात मंडळीने करायचं ते हेच: जेवणाचा डबा पोचवणं, रात्री सोबतीला कुणी राहणं, पंचनाम्याच्या आणि मृत्यूच्या दाखल्याच्या कागदांमागे फिरणं.

गटात सहा ते दहा माणसं, चालवणारे दोघे. दहाच्या पुढे गेलं की दोन-तीन जण गप्पच राहतात आणि ते गप्प आहेत हेही लक्षात येत नाही. नवरा-बायको किंवा सासू-सून एका गटात घेत नाही. लैंगिक अत्याचार सोसलेल्या बायकांचा गट निराळा, चालवणाऱ्याही बायकाच. पाळकसाहेब गटात नसलेले बरे. ते बसले की लोक साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्याला कसं तारलं ते सांगायला लागतात, आणि साक्षीत शेवट गोडच करावा लागतो. रविवारी उपासनेनंतर गट ठेवला तर सगळे भुकेलेले असतात, शिवाय आत कोण गेलं ते साऱ्या मंडळीला दिसतं. आठवड्यातल्या एका दुपारी, दोन ते चार, ही वेळ बायकांना जमते: जेवणं आवरलेली असतात आणि पोरं शाळेतून यायची असतात. पेरणीचे दिवस आणि नाताळचा महिना टाळायचा. खोलीला दार हवं आणि दाराला आतून कडी हवी, मात्र बसल्यावर ती लावायची नाही. दाराजवळची खुर्ची अशा माणसासाठी राखायची ज्याला कोंडल्यासारखं वाटतं. व्यासपीठ नको, माईक नको. पाण्याचा माठ आणि स्टीलचे पेले मध्यावर. कुणी रडायला लागलं की शेजारची लगेच पदर नाहीतर रुमाल पुढे करते. तोही करू नये. त्याचा अर्थ समोरच्याला ‘आता पुरे’ असाच लागतो. रुमाल टेबलावर पडलेले असावेत, हवा तो घेईल.

पहिल्या दिवशी नियम. इथलं इथेच राहील. न बोलण्याची मुभा आहे. सल्ला द्यायचा नाही. ‘माझं तर याहून वाईट’ म्हणायचं नाही. गुप्ततेला जे अपवाद आहेत ते आधीच सांगावे लागतात, नंतर सांगितले तर विश्वासघात ठरतो. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर आम्ही गप्प राहणार नाही. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि त्यातून पाळकांना सूट नाही. ‘मंडळीचं नाव खराब होईल, आपण आपसांत मिटवू’ हे वडीलजनांकडून, म्हणजे मंडळीच्या कारभाऱ्यांकडून, हमखास ऐकू येतं. आपसांत मिटवणं हा तिथे गुन्हाच आहे.

त्याच दिवशी पहिला धडा: हे माझ्याच वाट्याला का? उत्तर द्यायचं नाही. दुःखात लोकांनी तुम्हाला काय काय सांगितलं ते फळ्यावर लिहायला सांगायचं. पाच मिनिटांत फळा भरतो. पापाची शिक्षा आहे. देव परीक्षा बघतोय. विश्वास कमी पडला. त्याला प्रभूने आवडीने नेलं. मग बायबलमधल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांची गोष्ट वाचायची. ते येऊन सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत, तोवर सगळं ठीक होतं. तोंड उघडलं आणि बिघडलं. फळ्यावरची वाक्यं आणि त्या मित्रांची भाषणं शेजारी शेजारी ठेवली की काही समजावून सांगावं लागत नाही.

दुसऱ्या आठवड्यात मनाच्या जखमेची शरीराच्या जखमेशी तुलना करतो. वरून खपली धरलेली, आत पू साचलेला. पट्टी बदलून ती बरी होत नाही, उघडून धुवावी लागते, आणि धुताना दुखतं. गावात हे सगळ्यांना ठाऊक असतं. मग खुणा सांगायच्या: प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणं आणि तशीच स्वप्नं पडणं, त्या रस्त्याने किंवा त्या माणसांसमोर जायचं टाळणं, भांडं पडलं तरी दचकणं. बऱ्याच जणांना आपण वेडे नाही हे या दिवशी पहिल्यांदा समजतं.

याच आठवड्यात एक व्यवहाराची गोष्ट शिकवून ठेवावी लागते, कारण पुढे ती लागणारच असते. बोलता बोलता एखादी थिजते, डोळे एका जागी लागतात, श्वास भरभर होतो, कधी किंचाळते. मंडळीत याला झटकन ‘दुष्टात्मा’ म्हणून मोकळे होतात; चार जण भोवती जमून मोठ्याने प्रार्थना सुरू करतात आणि हात ठेवतात. जिच्यावर जबरदस्ती झाली आहे तिच्याभोवती घोळका, अंगावर हात आणि आरडाओरडा: तोच प्रसंग आपण पुन्हा उभा करतो. करायचं ते असं: एकानेच समोर बसायचं, हात लावायचा नाही, हळू आवाजात नाव घेऊन बोलायचं. डोळे उघडे ठेवायला सांगायचे. पाय जमिनीवर टेकवायला लावायचे. आज वार कोणता, आपण कुठे बसलोय, खोलीत दिसणाऱ्या पाच वस्तू कोणत्या, हे विचारायचं. गार पाण्याचा पेला हातात द्यायचा. बहुतेकदा काही मिनिटांत माणूस भानावर येतो. भूत काढायचं म्हणून बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं यावर महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने बंदी आहे. साध्या प्रार्थनेला तो कायदा आड येत नाही.

तिसरा आठवडा ऐकण्याचा, आणि आमच्या मते सगळ्यांत मोठा. आधी दोघांनी वाईट ऐकण्याचं नाटक करून दाखवायचं: ऐकणारा घड्याळ बघतो, मध्येच स्वतःची कहाणी लावतो, वचन फेकतो, फोन घेतो. सगळे खदखदून हसतात, कारण प्रत्येकाला त्यात कुणीतरी ओळखीचं दिसतं. मग जोड्या. पहिल्या वेळी मोठं दुःख काढायचं नाही, लहानशी लागलेली गोष्ट निवडायची. दहा मिनिटं एकाने बोलायचं, मग अदलाबदल. ऐकणाऱ्याकडे तीनच प्रश्न: काय झालं? तुम्हाला काय वाटलं? त्यात सगळ्यांत जड काय गेलं? चौथा प्रश्न नाही. ‘का’ने सुरू होणारा तर नाहीच, त्यात आरोप असतो.

समजा एक बाई म्हणाली, ‘त्या दिवशी मी शेळ्या बांधत होते,’ आणि थांबली. समोरची म्हणाली, ‘जाऊ द्या काकू, प्रभू आहे ना,’ की संपलं. तिने नुसतं ‘शेळ्या बांधत होता…’ म्हणून वाट पाहिली तर अर्ध्या मिनिटाने पुढचं येतं: ‘फोन पडवीत वाजत होता. हात शेणाचे होते, मी उचलला नाही.’ मरणाची बातमी सगळ्यांना ठाऊक असते. तो न उचललेला फोन कुणालाच ठाऊक नसतो. तिसऱ्या प्रश्नाचं काम हेच, जड काय आहे ते ऐकणाऱ्याने ठरवायचं नाही. आणि ते अर्धं मिनिट थांबणं नव्या माणसाला फार कठीण जातं. आम्ही त्याला मनात वीसपर्यंत अंक मोजायला सांगतो.

चौथ्या आठवड्यात शोक. फरशीवर खडूने तीन गावं काढायची: पहिलं राग आणि ‘हे खरं नाही’चं, दुसरं काहीच नको वाटण्याचं, तिसरं नव्याने मार्गी लागण्याचं. आपण कुठे आहोत तिथे जाऊन उभं राहायचं. पहिल्या गावातून तिसऱ्यात नेणारा एक खोटा पूलही काढतो. ‘तो प्रभूजवळ आहे, रडू नका’ हे दफनाच्या वेळचं वाक्य म्हणजे तो पूल. मेलेल्या लाजराला पुन्हा उठवायचं ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला, एवढी आठवण पुरते. शोक सरळ रेषेत जात नाही. दुसऱ्या गावातून पुन्हा पहिल्यात येणं नेहमीचंच आहे, विशेषतः वर्षश्राद्धासारख्या स्मरणसभेच्या आसपास.

पाचव्या आठवड्यात गाऱ्हाणं. बायबलमधल्या १५० स्तोत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश स्तोत्रं तक्रारीची आहेत, आणि उपासनेत नेमकी तीच गाळली जातात. १३वं स्तोत्र घेतो: अवघी सहा वचनं, सुरुवातीला ‘कोठवर?’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा, मग मागणं, मग भरवसा. ही रचना दाखवून प्रत्येकाला आपलं गाऱ्हाणं लिहायला अर्धा तास द्यायचा. देवाला हाक, त्याने पूर्वी केलेलं भलं, तक्रार, मागणं, भरवसा यातलं काहीही गाळलं तरी चालेल, तक्रार मात्र गाळायची नाही. लोक ती गाळायला बघतातच. पहिल्या कागदावर सगळं ‘तुझी इच्छा पूर्ण होवो’ असतं. कागद परत द्यायचा आणि विचारायचं, तुम्हाला खरंच असं वाटतं? मग दुसऱ्या कागदावर ‘बोअरला पाणी लागलं त्याच आठवड्यात तू त्याला नेलंस, हा कसला हिशोब’ असं वाक्य येतं. वडीलजनांपैकी कुणी हा अविश्वास आहे म्हणालं तर स्तोत्र पुढे करायचं. वारकरी संतांची विठ्ठलाशी भांडणं ऐकत वाढलेल्या मुलखात खरं तर एवढं बिचकायला नको. लिहिता न येणाऱ्या आज्या जात्यावरच्या ओवीच्या चालीत म्हणतात, आणि त्यांची गाऱ्हाणी बहुधा सगळ्यांत मोकळी असतात. ज्यांना भरवशापर्यंत पोचता येत नाही त्यांना ८८वं स्तोत्र वाचायला द्यायचं. ते अंधारातच संपतं, आणि तरीही पवित्र शास्त्रात आहे.

बायकांच्या वेगळ्या गटात इथे बायबलमधल्या दावीद राजाच्या मुलीची, तामारेची गोष्ट वाचतो. तिचा सावत्र भाऊ अम्नोन तिच्यावर जबरदस्ती करतो. तिचा सख्खा भाऊ अबशालोम तिला म्हणतो, गप्प राहा, तो तुझा भाऊ आहे. दावीद राजा संतापतो आणि करत काहीच नाही. ही दोन वचनं वाचून झाली की आम्ही काही विचारत नाही.

सहाव्या आठवड्यात दुःख वधस्तंभापाशी नेतात. वहीच्या अर्ध्या पानावर लिहायचं, नाव घालायचं नाही, चौघडी घालायची, लाकडी क्रूसाच्या खिळ्याला टोचायची. मग सगळ्या घड्या घमेल्यात जाळायच्या. बाहेर, आडोशाला, पाण्याची बादली शेजारी ठेवून. गुळगुळीत कागद नीट जळत नाही, अर्धवट जळलेली ओळ वाऱ्याने उडून अंगणात पडते. याहून महत्त्वाचं म्हणजे घरात कुणी जळून गेलं असेल तर आग वापरायचीच नाही. पहिल्याच भेटीत हे विचारून ठेवायचं; अशा गटात कागद फाडून मातीत पुरतात. आणि आदल्या आठवड्यातच बजावायचं की हा मंत्र नव्हे. स्वप्न त्याच रात्री परत येऊ शकतं. हे सांगितलं नाही तर माणूस समजतो की माझाच विश्वास कच्चा.

क्षमेचा धडा सातव्या आठवड्यात, त्याआधी कुणी मागितला तरी नाही. ‘सत्तर वेळा सात’ क्षमा कर, हे येशूचं वचन सगळ्यांना पाठ असतं. मत्तयाच्या त्याच १८व्या अध्यायात त्याच्याआधी अपराध्याला एकांतात त्याची चूक दाखव, ऐकलं नाही तर साक्षीदार घेऊन जा, तरीही ऐकलं नाही तर मंडळीला सांग, असं आहे, ते कुणी सांगत नाही. क्षमा म्हणजे विसरणं नाही, पोलिसांतली तक्रार मागे घेणं नाही, सासरी परत जाणं नाही, त्या माणसाला पुन्हा पोरांजवळ येऊ देणं तर नाहीच. नातेवाईक याच आठवड्यात फोन करून विचारतात, ‘केलं का तिने माफ?’ उत्तर द्यायचं नाही. कुणी म्हणालं मला आज जमत नाही, तर तेवढ्यावर धडा पूर्ण धरायचा.

गोळ्यांबद्दल दर आठवड्याला बोलावं लागतं. ‘विश्वास आहे तर गोळी कशाला’ असं कुणीतरी कानात सांगतंच. नैराश्याच्या गोळीचा गुण यायला काही आठवडे लागतात. मध्येच बंद केली तर चक्कर, घबराट, झोपमोड होते आणि त्यालाच सैतानाचा हल्ला समजतात. लिथियम हे मनोविकारावरचं औषध चालू असलेल्याने पाणी न पिता उपास-प्रार्थना केली तर औषधाचं रक्तातलं प्रमाण धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिनवर असलेल्यानेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास धरू नये. रात्रभराची प्रार्थना चांगली असेल, पण झोप उडालेल्या माणसाला जागरण म्हणजे आजार वाढवणं, आणि कधी उन्माद, कधी नैराश्य अशा दोन टोकांच्या मनोविकारात (बायपोलर) तर उन्मादाला आमंत्रण.

आजूबाजूचे हिंदू, बौद्ध, मुस्लिम शेजारीही कधी येतात. इथे बायबल वाचलं जातं हे आधी सांगायचं. नको असेल तर ऐकण्याचे आणि शोकाचे धडे तेवढे घेता येतात. पिचलेल्या माणसापुढे बाप्तिस्म्याचा विषय काढणं आम्हाला गैर वाटतं, त्या वेळचा होकार हा होकार नसतो. फोटोंचंही तेच. मदत देणाऱ्यांना अहवालात रडणारे चेहरे हवे असतात. आम्ही रिकाम्या खुर्च्यांचा फोटो पाठवतो; त्यावर एकदा नाराजीचं पत्र आलं होतं.

आठव्या आठवड्यात नवीन धडा नसतो. जेवण असतं, गाऱ्हाण्यांपैकी ज्यांना वाचायचं ते वाचतात, आणि अडचण आली तर फोन कुणाला करायचा ते प्रत्येक जण कागदावर लिहून नेतो: घरातलं एक माणूस, गटातलं एक, आणि १४४१६. तीन महिन्यांनी पुन्हा अर्ध्या तासाची भेट. प्रश्न पहिल्या भेटीतलेच. झोप अजून तुटत असेल, माणूस कामावर जात नसेल, तर पुढचा गट सुचवायचा नाही. सरकारी दवाखान्यात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते ते विचारून तो दिवस मोकळा ठेवायचा आणि सकाळी रांग लागायच्या आत पोचायचं.